गावच्या पैशाची कुळकथा

जिल्हा परिषदेच्या शाळेतले जुने गुरुजी एकमेकांना भेटले की मार्चच्या सुमारास एक प्रश्न ठरलेला असतो, 'सादिल आले का?' खडू, झाडू, हजेरीपत्रक, कुलूप, माठ अशा किरकोळ खर्चासाठी शाळेला मिळणारी रक्कम म्हणजे सादिल अनुदान. '4 टक्के सादिल' असेही म्हणतात. हा शब्द आला कुठून, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो मूळचा 'सादिर-वारिद'. सादिर म्हणजे निघालेले, वारिद म्हणजे आलेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गावाला जो खर्च करावा लागे तो सादिलवार खर्च. अरबी शब्द फारसी दफ्तरातून मराठी दफ्तरात आला, मोडीत लिहिला गेला, इथल्या जिभेवर घोटला गेला आणि त्याच्या शेपटाला संस्कृत 'अनुदान' लागले. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि कविता मी मराठीत लिहितो. त्यामुळे अशा शब्दांपाशी माझा पाय थोडा अडखळतोच.

ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे सगळेच शब्द असे दोन घरचे आहेत. जमा, खर्च, बाकी, रक्कम, तपशील, तरतूद, मंजुरी, हप्ता, तसलमात ही एका घरची मंडळी. अनुदान, निधी, लेखाशीर्ष, उपयोगिता प्रमाणपत्र ही दुसऱ्या घरची. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावाच्या कार्यालयात ही दोन्ही घरे एकाच कपाटात, एकाच लाल फडक्यात बांधलेली सापडतात. गावाला पैसा कोण देतो, कशासाठी देतो आणि दिल्यावर काय लिहून घेतो, याची ही कुळकथा आहे. ती कोरडी वाटते. पण बीड जिल्ह्यात हजाराच्या घरात ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचे पाणी, गटार, रस्ता आणि शाळेची भिंत या कोरड्या कथेवरच चालते.

पूर्वी दखनच्या गावात 'गावखर्च' नावाचा एक भाग वसुलातूनच बाजूला निघे. त्यात देवाच्या दिव्याचे तेल असे, पिराचा उरूस असे, गोसावी-फकिराची शिधासामग्री असे, सरकारी शिपाई मुक्कामाला आला तर त्याचा भत्ता असे. म्हणजे गाव आपल्या पैशातून आपला खर्च भागवी आणि उरलेले वर पाठवी. पैशाची दिशा खालून वर होती. वरून खाली येई ते इनाम.

इनामाचे प्रकार पुष्कळ, पण मराठवाड्यातल्या माणसाला दोन शब्द हमखास माहीत असतात, मदतमाश आणि खिदमतमाश. 'मआश' म्हणजे उपजीविका. मदतमाश ही निव्वळ उपजीविकेसाठी दिलेली जमीन. विद्वान, सूफी, विधवा, गरजू घराणी यांना मोगल काळापासून ती मिळत आली. बदल्यात काम काही नाही, फक्त सनदेत लिहिलेले असे की, राज्य अखंड राहो अशी दुआ करावी. जहांगीर बादशहा या मंडळींना 'लष्कर-ए-दुआ' म्हणे, दुआ करणारी फौज. औरंगजेबाने 1690 मध्ये या जमिनी वंशपरंपरेने चालतील असे ठरवले. खिदमतमाशचे तसे नाही. तिथे खिदमत, म्हणजे सेवा करावी लागे. मशिदीत अजान द्यायची, दर्ग्याची झाडलोट करायची, देवळात पूजा आणि दिवाबत्ती करायची, तर जमीन. सेवा थांबली की जमिनीवरचा हक्क धोक्यात. निजामी राज्यात 'उमूर-ए-मजहबी' नावाचे एक खातेच होते. मशिदी आणि देवळे या दोन्हींच्या मदतीचे कागद त्याच्याकडे चालत. इनामदार वारला की वारसाची चौकशी होई, सनद तपासली जाई आणि हक्क मान्य झाला तर 'मुन्तखब' नावाचा उतारा मिळे. आजही जमिनीच्या दाव्यात कुणी मुन्तखब काढून दाखवला की वकील सावरून बसतात.

ही जुनी गोष्ट इतकी लांबवण्याचे कारण आहे. अट नसलेली मदत आणि अट घातलेली मदत, अनुदानाचे हे दोन मूळ प्रकार आपल्या भागात तेव्हाच स्थिरावले होते. पोलीस कारवाईनंतर, सप्टेंबर 1948 मध्ये, निजामी गेली. 1954 मध्ये हैदराबाद राज्यात इनामे आणि रोख अनुदाने रद्द करणारा कायदा झाला. लक्षात घ्या, कायद्याच्या नावातच 'रोख अनुदाने' आहेत. या कायद्याने मदतमाशसारखी इनामे गेली. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठी असलेली, तसेच गावाच्या उपयोगाची सेवा जिला जोडलेली होती ती इनामे मात्र त्यातून वगळली. बिनशर्त ते गेले, सशर्त ते राहिले. प्रकरण अजून मिटलेले नाही. मदतमाश जमिनी नियमित करून घेण्याचा नजराणा 50 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणणारी दुरुस्ती महाराष्ट्र विधिमंडळाने 2024 मध्ये केली.

आता गावाकडे येऊ. इनाम माणसाला किंवा देवस्थानाला मिळे. गावाला गाव म्हणून सरकारने पैसे द्यावेत ही कल्पना मात्र इंग्रजांची. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस बसवला. 1869 चा लोकल फंडाचा कायदा, 1882 चा लॉर्ड रिपनचा ठराव, 1884 चा लोकल बोर्डाचा कायदा, अशी ती वाट. निजामी राज्यातही एक आण्याचा सेस आला, जिल्हा आणि तालुका बोर्डे आली. पण आमच्याकडे जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष अव्वल तालुकदार, म्हणजे कलेक्टर, आणि तालुका बोर्डाचा तहसीलदार. पैसा रयतेचा, बोर्ड साहेबाचे. मराठवाड्यातल्या माणसाला निवडून दिलेल्या संस्थेने पैसे खर्च करताना बघण्याची सवय फार उशिरा लागली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पश्चिम महाराष्ट्र जिल्हा परिषदेत शिरला तेव्हा त्याच्या मागे लोकल बोर्डाची पाऊणशे वर्षांची तालीम होती. आमच्या मागे अर्ज लिहिण्याची तालीम होती. 'मेहेरबान हुजूर' ते 'मायबाप सरकार' एवढेच अंतर आम्ही कापले होते.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1958 चा ग्रामपंचायत कायदा झाला. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल 1957 चा, वसंतराव नाईक समितीचा 1961 चा. आणि 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 1961 च्या जिल्हा परिषद कायद्यात अनुदानांची एक लांबलचक माळ आहे. जमीन महसुलाचे अनुदान, विशिष्ट कामासाठीचे अनुदान, आस्थापनेचे अनुदान, तूट भरून काढण्याचे अनुदान, स्थानिक उपकराला जुळते अनुदान, उत्तेजनाचे अनुदान. माझ्या मते यातले सर्वांत शहाणे अनुदान उपकराला जुळते ते. तुम्ही स्वतःवर जेवढा उपकर बसवाल त्या मानाने सरकार घालील. म्हणजे आधी स्वतःच्या खिशात हात घाला. पण स्वतःच्या गावावर कर बसवायला लागणारी छाती पुढाऱ्यांत क्वचितच असते, आणि कोरडवाहू गावात शेतसारा तो किती!

इथेच एक अन्याय दडलेला आहे. जमिनीच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्काबरोबर जो 1 टक्का जादा घेतला जातो, तो जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांना निम्मा-निम्मा मिळतो. नियम सगळ्या राज्याला एकच. पण पुण्याच्या आसपास ज्या गावांत रोज प्लॉट विकले जातात त्यांना यातून मिळणारा पैसा आणि गेवराईच्या कापसाच्या रानात वर्षाकाठी होणाऱ्या चार-दोन खरेदीखतांतून मिळणारा पैसा, याची तुलना करायलाही कागद लागत नाही. ज्याचे आहे त्याला आणखी, असाच हा हिशेब पडतो.

1972 च्या दुष्काळाने मात्र एक वेगळी गोष्ट घडवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली. तिच्यासाठी 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि त्या कराइतकीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे बीडच्या पाझर तलावावर येत. यात उपकार नव्हता. काम मागणे हा हक्क होता. गावातल्या साध्या बाया-माणसांची नावे सरकारी कागदावर रोजच्या रोज लिहिली गेली ती या कामांच्या हजेरीपटावर. खंडीभर इतिहास लिहिणाऱ्यांनी ते पट कधीतरी उघडावेत.

ग्रामपंचायतीच्या हातात थेट आणि मोठा पैसा पडू लागला तो 1989 च्या जवाहर रोजगार योजनेपासून. मग 73 वी घटनादुरुस्ती आली. 24 एप्रिल 1993 पासून ती लागू झाली आणि केंद्राच्या वित्त आयोगाने पंचायतींसाठीही शिफारस करावी अशी तरतूद घटनेत शिरली. दहाव्या वित्त आयोगाने माणशी 100 रुपये धरले. पण माणसे मोजली 1971 च्या जनगणनेची! पंचवीस वर्षांत जन्मलेल्यांना हिशेबात जागा नव्हती. देशभरासाठी ती रक्कम झाली 4,380 कोटी 93 लाख रुपये. अकराव्या आयोगाने वर्षाला 1,600 कोटी दिले, म्हणजे पाच वर्षांचे 8,000 कोटी. बाराव्याने पाच वर्षांसाठी 20,000 कोटी. चौदाव्याने (2015 ते 2020) 2,00,292 कोटींवर उडी मारली, तीही फक्त ग्रामपंचायतींसाठी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्यात वाटा नव्हता. अकराव्याशी तुलना केली तर ही पंचवीस पट. पंधराव्याने 2021 ते 2026 साठी 2,36,805 कोटी दिले आणि तिन्ही पायऱ्यांना वाटा ठेवला. महाराष्ट्रात तो ग्रामपंचायतीला 80, पंचायत समितीला 10 आणि जिल्हा परिषदेला 10 टक्के असा ठरला.

आणि या पैशाबरोबर दोन शब्द गावात आले, 'बंधित' आणि 'अबंधित'. बंधित निधी 60 टक्के, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. अबंधित 40 टक्के, गावाला जी गरज वाटेल त्यासाठी. मात्र पगार आणि आस्थापनेवर तो खर्चायचा नाही. हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला मदतमाश आणि खिदमतमाशच आठवले. खिदमत बदलली, एवढेच. तेव्हा दिवाबत्ती होती, आता गटार आहे. दिवाबत्ती वाईट नव्हती, गटारही वाईट नाही. पण अट लिहिणारा आणि अट पाळणारा हे एकमेकांना कधी भेटत नाहीत, हे तेव्हाही खरे होते. पाण्याच्या टाकीसाठी पैसा येतो आणि विहिरीला पाणी नसते. मग टाकी बांधली जाते, कारण कागद टाकीचा आहे.

हा कागद सांभाळतो कोण? परदेशातल्या नगरपालिकांत म्हणे अनुदान सांभाळणारा वेगळा तज्ज्ञ नेमतात. त्याचे काम एवढेच की पैसा कुठून मिळेल ते शोधायचे, अटी वाचायच्या, हिशेब द्यायचा. आपल्याकडे वरच्या पायरीला मुख्य लेखा व वित्त अधिकारी असतो आणि खालच्या पायरीला ग्रामसेवक. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव झाले. नाव मोठे झाले, फटफटी तीच. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे असतात. आराखडा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, काम, मोजमाप पुस्तिका, देयक आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, ही साखळी त्याने ओढायची. प्रमाणपत्राची भाषा ठरलेली असते. अमुक लेखाशीर्षाखाली मिळालेली अमुक रक्कम ज्या कामासाठी मंजूर झाली त्याच कामासाठी खर्च झाली, शिल्लक अमुक. या कागदाशिवाय पुढचा हप्ता नाही. शिवाय नमुना 8 ची घरांची आकारणी, घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली, लेखापरीक्षकाच्या शंकांना उत्तरे, आणि घरकुलाच्या यादीत नाव का नाही म्हणून दारात उभा असलेला माणूस. गावोगावच्या शिलालेखांवर, कोनशिलांवर पुढाऱ्यांची नावे असतात. ज्याने प्रमाणपत्र वेळेत दिले म्हणून दुसरा हप्ता आला, त्याचे नाव कोनशिलेवर मी अजून वाचलेले नाही. वाईट ग्रामसेवक सगळ्यांच्या लक्षात राहतो, चांगल्याची बदली होते.

पैसे देण्याची तऱ्हाही पालटली. पूर्वी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सहीचा धनादेश असे. 2020 मध्ये ई-ग्रामस्वराज हे पोर्टल आले आणि वित्त आयोगाचा पैसा संगणकावरूनच, दोघांच्या डिजिटल सह्यांनी जाऊ लागला. बायांना 1993 पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा आहेत. तिची सही ज्या डोंगलमध्ये आहे तो डोंगल कुणाच्या खिशात असतो, हे गावाला बरोबर ठाऊक असते. पण जिथे तो तिच्याच बटव्यात असतो तिथे कामाचा क्रम बदललेला दिसतो. आधी नळ, मग सभामंडप.

एक बदल मात्र मनापासून आवडण्यासारखा आहे. आयोगाच्या नव्या अटीनुसार केंद्राचा पैसा राज्याकडे आला की 10 कामकाजाच्या दिवसांत पंचायतीला पोहोचवायचा. चौदाव्या आयोगाच्या वेळी ही मुदत 15 दिवस होती. उशीर झाला तर राज्याने व्याज द्यायचे. निजामी काय, इंग्रजी काय, देणाऱ्याने उशिराबद्दल घेणाऱ्याला भरपाई द्यावी हे आमच्या आजोबांना सांगितले असते तर त्यांनी आम्हाला वेड्यात काढले असते. दुसरीकडे, निवडून आलेली संस्था नसेल तर पैसाही नाही, अशी अट आहे. 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, प्रशासक बसले आणि त्यांच्या वाट्याचे ते 10-10 टक्के अडकले. निवडणूक गावाने लांबवली नव्हती. भोगले मात्र गावाने.

आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट उरते, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्चायचा हे गावाने ठरवायचे, त्यासाठी ग्रामपंचायत विकास आराखडा करायचा, आणि तो ग्रामसभेने मंजूर करायचा. 'आमचा गाव, आमचा विकास' हे त्याचे महाराष्ट्रातले नाव. 2018 पासून या आराखड्यांची देशव्यापी मोहीम 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या ग्रामसभेपासून सुरू होऊ लागली आणि हिवाळाभर चालते. दिल्लीहून बघितले तर दिवस चांगला निवडला आहे. पाऊस संपलेला, हवा बरी, वर्षअखेरीला अजून अवकाश. पण बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाचे ट्रक लागतात. उचल घेतलेली जोडपी, लेकरे, म्हातारी, कोयते, कोंबड्या, तवा-परात असा संसार चढतो आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतो. शाळेच्या पटावर नावे राहतात, मुले नसतात. मतदार यादीचेही तसेच.

ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे कायदा कुठे मोडला जात नाही. सभा होते, इतिवृत्त लिहिले जाते, ठराव सर्वानुमते मंजूर होतो. ज्यांच्या वस्तीला रस्ता नाही, नळ नाही, ज्यांची लेकरे सहा महिने शाळेबाहेर असतात, ते त्या 'सर्वानुमते'मध्ये नसतात. ते उसाच्या फडात असतात. सभा उन्हाळ्यात घेतली, निदान तोडीच्या माणसांसाठी मे महिन्यात आराखड्याची एक बैठक वेगळी घेतली, तर त्याला नवा कायदा लागणार नाही. 1 मे ही ग्रामसभेची ठरलेली तारीखच आहे. सोळाव्या वित्त आयोगाचा काळ 2026 ते 2031 असा आहे. त्या पाच वर्षांत पाच हंगाम येतील, टोळ्या पाच वेळा जातील आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे पाच वेळा परततील. तोवर त्या त्या वर्षीचा आराखडा पोर्टलवर चढवलेला असेल.